मॉडेल केव्हा हरेल, तेही लिहा

१९६१ साली केंब्रिजच्या मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांची मोजणी पुढे ठेवली आणि स्थिर स्थिती सिद्धांताला आव्हान दिले. फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली नुकतेच संशोधन सुरू केलेल्या जयंत नारळीकरांना लगेच उत्तराच्या आकडेमोडीला बसावे लागले. सिद्धांताची कोंडी करता आली, कारण स्रोतांची संख्या कशी वाढायला हवी हे त्याने आधीच सांगून ठेवले होते. पुढे याच जोडीने मांडलेले सी-क्षेत्र म्हणजे ऋण ऊर्जेचे अदिश क्षेत्रच, तेही इन्फ्लेशनच्या दीड दशक आधीचे. इन्फ्लेशनबद्दल नारळीकर साशंक राहिले, तरी १९९१मध्ये थाणू पद्मनाभन यांच्यासह त्यांनी खगोलशास्त्रज्ञांसाठी त्याचा सविस्तर आढावा लिहिला. न पटणारा विचार आधी नीट मांडायचा, मग त्याला आकड्यांनी भिडायचे, ही त्यांची रीत होती. मे २०२५मध्ये ते गेले.

आज इन्फ्लेशनच्या अदिश क्षेत्रांवर लिहिणारे आपण ही रीत पाळतो का? माझ्या मते पुरेशी नाही.

साधा द्विघाती विभव घ्या. ६० ई-फोल्ड्स धरले, तर टेन्सर-स्केलर गुणोत्तर ०.१३ येते. बायसेप-केकने २०२१मध्ये त्याची वरची मर्यादा ९५ टक्के विश्वासपातळीवर ०.०३६ ठरवली. मॉडेल संपले. चतुर्घाती विभव तर त्याआधीच बाद झाला होता. हे पराभव मला इन्फ्लेशनच्या अभ्यासाची खरी कमाई वाटतात. अनेक हस्तलिखितांत मात्र विभवात एक जादा पद येते, त्याला एक जादा प्राचल जोडले जाते, प्लँकच्या आकृतीवर वक्र आत सरकतो आणि निष्कर्षात ‘निरीक्षणांशी सुसंगत’ असे छापले जाते. प्राचल मोकळे ठेवले, तर वक्र आत येणारच. त्याला चाचणी म्हणता येत नाही.

ई-फोल्ड्सच्या संख्येचे तर फारच लाड होतात. स्टारोबिन्स्की मॉडेलमध्ये ती ५० धरली, तर स्पेक्ट्रल निर्देशांक ०.९६०० येतो, ६० धरली, तर ०.९६६७. प्लँकची २०१८ची किंमत ०.९६४९ आहे आणि त्रुटी ०.००४२. म्हणजे आपण सोयीने निवडलेला आकडा मोजमापाच्या त्रुटीपेक्षा मोठा फरक पाडतो! ही संख्या पुनर्तापनातून ठरते. पुनर्तापनाचे तापमान आणि त्या काळातले अवस्था-समीकरण न सांगता ५० ते ६० असा पट्टा रंगवणे म्हणजे अर्धे गणित वाचकावर सोडणे.

मार्च २०२५मध्ये अटाकामा दुर्बिणीचे निकाल आले आणि घाईचे दुसरे रूप दिसले. प्लँक, अटाकामा, गुरुत्वीय भिंगपरिणाम आणि डेझीची बॅरिऑन ध्वनिक आंदोलने एकत्र केल्यावर निर्देशांक ०.९७४३ ± ०.००३४ आला. ६० ई-फोल्ड्सचे स्टारोबिन्स्की मॉडेलही दोन सिग्मांहून थोडे दूर गेले. लगेच दुरुस्त्या सुचवणारे लेख निघू लागले. पण फक्त प्लँक आणि अटाकामा घेतले, तर किंमत ०.९७०९ ± ०.००३८ राहते. डेझीचे आकडे आणि पार्श्वप्रारण यांचे प्रमाण मॉडेलमध्ये फारसे पटत नाही. ती कुरबुर मिटायच्या आत विभव बदलायला धावणे मला मान्य नाही. २०१४मध्ये बायसेप-२चा ०.२ हा आकडा आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीने गिळला, हे फार जुने नाही.

साधनांची सबब आता चालणार नाही. प्लँकचे लाइकलीहूड, क्लास, कोबाया हे सगळे मोफत मिळते. रत्नागिरीतल्या एखाद्या महाविद्यालयातला एम.एस्सी.चा विद्यार्थी साध्या लॅपटॉपवर मार्कोव्ह साखळी चालवू शकतो. वेळ लागेल, पण उत्तर येईल. पुण्याच्या आयुकाची दारे महाविद्यालयीन शिक्षकांना पहिल्यापासून उघडी आहेत. अडचण वाटलीच, तर आपल्या प्रबंधांच्या सवयीची वाटते. समीकरण सोडवले की काम झाले असे आपण मानतो, आणि आकड्यांशी गाठ शेवटच्या दोन पानांत उरकतो.

म्हणून पुढच्या अंकापासून इन्फ्लेशनवरील प्रत्येक हस्तलिखितात आम्ही तीन गोष्टी मागणार आहोत: पुनर्तापनाची गृहीतके, प्राचलांसाठी घेतलेली पूर्ववितरणे आणि स्टारोबिन्स्कीशी बेझियन पुराव्याची तुलना. त्याखाली एक वाक्य लेखकाने स्वतः लिहावे: टेन्सर-स्केलर गुणोत्तर किती निघाले, तर हे मॉडेल आपण सोडून देऊ. हे वाक्य नसलेला लेख परीक्षकांकडे जाणार नाही.