कौल ‘दशावतार’ला

डीमनस्टीलर रेकॉर्ड्स हे मुंबईचं मेटल संगीताचं स्वतंत्र लेबल. साहिल माखिजा या गायक-गिटारवादकानं ते उभं केलं. त्याच्याच डीमॉनिक रिझरेक्शन या बँडचे अल्बम हा या लेबलचा कणा, आणि भोवती रेप्टिलियन डेथ, वर्कशॉप असे इतर बँड. या घरातला सर्वांत चांगला अल्बम कोणता, हा वाद निघाला की एक पारडं आधीच जड असतं. ‘द रिटर्न टू डार्कनेस’ (२०१०) हे नाव पहिलं येतं, आणि ते इतक्या सहज येतं की त्यामागची कारणं कुणी तपासत नाही. दुसरा, लहान गट २००५ च्या ‘अ डार्कनेस डिसेंड्स’चा. पाया त्यानं घातला, हे त्यांचं म्हणणं. थोडे जण वर्कशॉपच्या ‘खूनी मुर्गा’चं (२००९) नाव घेतात. माझा कौल २०१७ च्या ‘दशावतार’ला आहे. ‘भारतीय मसाला’ म्हणून या अल्बमची बोळवण करणाऱ्यांना उत्तर देणं मला गरजेचं वाटतं, कारण त्या एका शब्दाखाली मुंबईच्या रॉकबद्दलचा एक मोठा गैरसमज दडला आहे.

आधी ‘रिटर्न’ची बाजू, तिच्या पूर्ण ताकदीनिशी. तो आला त्याच वर्षी, २०१० मध्ये, डीमॉनिक रिझरेक्शनला लंडनच्या मेटल हॅमर मासिकाचा गोल्डन गॉड्स सोहळ्यातला ‘ग्लोबल मेटल’ पुरस्कार मिळाला. भारताबाहेर हा अल्बम कँडललाइट या ब्रिटिश कंपनीनं काढला. एम्पररचा ‘इन द नाइटसाइड एक्लिप्स’ आणि ओपेथचा ‘ऑर्किड’ ज्या कंपनीनं जगापुढे आणले तीच ही कंपनी, तेव्हा हा शिक्का हलका मुळीच नाही. अल्बमची बांधणी घट्ट आहे, कीबोर्डचे थर आणि ड्रमचा मारा एकमेकांना गिळत नाहीत, आणि ‘डार्कनेस’ नावाच्या तीन भागांच्या मालिकेचा शेवट तो दमदारपणे करतो. हे सगळं मान्य. पण यातलं पहिलं कारण, म्हणजे परदेशी मान्यता, हे गुणवत्तेचं माप होऊ शकत नाही. पुरस्कार बँडला मिळाला, अल्बमला नाही. शिवाय त्या पुरस्काराचं नावच पाहा. ‘ग्लोबल’ म्हणजे युरोप-अमेरिकेच्या नेहमीच्या वर्तुळाबाहेरचे. त्या दारातून आत जाणं कौतुकाचं होतं, यात शंका नाही. पण तुम्हाला कुठून तरी लांबून आलेला म्हणून ओळखणाऱ्या माणसाला तुमचा कुठला अल्बम थोर हे ठरवायला बसवणं हा कमीपणा आपण स्वतःहून का पत्करायचा?

दुसरं कारण बांधणीचं, आणि ते खरंच वजनदार आहे. मात्र ‘डार्कनेस’ मालिकेतली युद्धं, योद्धे आणि सूड कुठल्याच भूमीवरचे नाहीत. मेटलच्या जागतिक कोठारातून उचललेली ती एक कल्पित अंधारभूमी आहे. तिथे कुणीही राहत नाही, म्हणून तिथे काहीही घडू शकतं आणि कशानंच फारसा फरक पडत नाही. गाणी एकाच तापमानाला उकळत राहतात. संगीत दर्जेदार असूनही अल्बम संपल्यावर एक गाणं दुसऱ्यापासून वेगळं सांगताना जी अडचण होते, तिचं मूळ मला इथे दिसतं. ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ला हेच लागू आहे. पाया घालणारं काम आदराला पात्र असतं, पण पाया म्हणजे इमारत नव्हे.

हे कुठल्या शहरात चाललं होतं तेही पाहायला हवं. मुंबईत इंग्रजी रॉकचं मोठं व्यासपीठ म्हणजे फरहाद वाडियांनी १९८६ मध्ये सुरू केलेला इंडिपेंडन्स रॉक. धोबी तलावचं रंगभवन हे त्याचं घर. आवाजाचे नियम आले, शेजारी इस्पितळ आणि कॉलेज असल्यानं तो भाग शांतता क्षेत्रात गेला, आणि रंगभवनातले कार्यक्रम बंद झाले. पुढे हाच महोत्सव अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर भरू लागला. जुहूचं रॅझबेरी ऱ्हायनोसरस हे मेटलवाल्यांचं दुसरं ठिकाण होतं. म्हणजे दक्षिण मुंबईतलं हे संगीत उपनगरात सरकलं, तिथलीच पोरं ते वाजवू आणि ऐकू लागली. या संगीताला कायम दोन प्रश्न विचारले गेले. रॉकवाले विचारत, हे ‘त्यांच्या’ तोडीचं आहे का? बाकीचं शहर विचारी, यात ‘आपलं’ काय आहे? ‘रिटर्न’नं पहिल्या प्रश्नाला खणखणीत उत्तर दिलं आणि दुसरा ऐकलाच नाही. वर्कशॉपनं दुसरा प्रश्न ऐकला. ‘पुढे सरका’ हे बसमधलं वाक्य गाण्याचं नाव म्हणून वापरायला कान शहराकडे लागलेला असावा लागतो. पण वर्कशॉपच्या विनोदाची चाल एकदा कळली की संगीताकडे परतायचं कारण उरत नाही, म्हणून ‘खूनी मुर्गा’ मला शेवटपर्यंत पुरत नाही. दोन्ही प्रश्न एकाच वेळी अंगावर घेणारा अल्बम ‘दशावतार’ हाच.

त्याची रचना साधी आहे. दहा अवतार, दहा गाणी, मत्स्यापासून कल्कीपर्यंत क्रमानं. वरवर पाहता ही शाळेच्या पुस्तकातली यादी. पण या यादीनं संगीतकारावर जी सक्ती केली ती ‘डार्कनेस’ मालिकेनं कधी केली नव्हती. प्रलयाच्या पाण्यात नाव ओढणारा मासा, मंथनाचा भार पाठीवर झेलणारं कासव, तीन पावलांत सगळं मागून घेणारा बटू, परशू घेऊन फिरणारा संतापी ब्राह्मण आणि ध्यानस्थ शिक्षक यांना एकच चाल चालत नाही. प्रत्येक वेळी स्वभाव बदलावा लागतो, वेग बदलावा लागतो, आणि आक्रमकतेचं कारण नव्यानं शोधावं लागतं. या बँडकडे पहिल्यापासून दोन आवाज आहेत, एक छातीतून गुरगुरत येणारा आणि एक सुरेल. आधीच्या अल्बममध्ये ही अदलाबदल मेटलमधली रूढ युक्ती वाटते. इथे तिला अर्थ येतो, आणि सर्वांत जास्त नरसिंहात. मेटलमधल्या त्या आवाजाला बाहेरचा माणूस ‘नुसतं ओरडणं’ म्हणतो. नरसिंहाची कथा आठवा. ना माणूस ना पशू, ना दिवस ना रात्र, ना घरात ना बाहेर. माणसाचा म्हणावा तर शब्द फाटलेले, जनावराचा म्हणावा तर शब्द आहेतच, असा आवाज या एका कथेला हवाच होता. नरसिंहाच्या तोंडी निव्वळ सुरेल गायकी खोटी वाटली असती. संगीताच्या एका प्रकाराचं सर्वांत टीका झालेलं लक्षण एका जुन्या कथेची गरज बनावं, याहून मोठं यश लेबलच्या दुसऱ्या कुठल्या अल्बमला मिळालेलं मला दिसत नाही.

यावर ठरलेला आक्षेप असा, की सतार-तबला आणि संस्कृत उच्चार ही परदेशी श्रोत्यासाठी केलेली सजावट आहे. सजावटीचे काही क्षण अल्बममध्ये आहेत, हे मी नाकारत नाही. काही ठिकाणी भारतीय वाद्यं दारावरच्या तोरणासारखी येतात आणि गिटार सुरू झाल्यावर विसरली जातात. पण हा दोष अंमलबजावणीचा आहे, कल्पनेचा नाही. स्वीडनच्या बॅथरीनं १९९० मध्ये ‘हॅमरहार्ट’मध्ये व्हायकिंगांची गाथा मांडली तेव्हा कुणी मसाला म्हटलं नाही, उलट त्यातून मेटलची एक अख्खी शाखा फुटली. ब्राझीलच्या सेपल्टुरानं १९९६ मध्ये ‘रूट्स’साठी शावांते आदिवासींसोबत ध्वनिमुद्रण केलं, त्या अल्बमला आज अभिजात मानतात. ओडिनवर गाणाऱ्याची ती परंपरा, आणि विष्णूवर गाणाऱ्याची मात्र क्लृप्ती? हा दुटप्पीपणा युरोपीय समीक्षकानं केला तर समजून घेता येतं. मुंबईचा श्रोता तोच करतो तेव्हा तो आपल्या घरातल्या वस्तूकडे पाहुण्याच्या डोळ्यांनी पाहत असतो. अधिक नेमका आक्षेप रुद्रच्या चाहत्यांचा आहे. सिंगापूरच्या या बँडनं भारतीय परंपरा आणि मेटल यांची सांगड फार आधी घातली, आणि ‘ब्रह्मविद्या’ मालिकेत ती तत्त्वज्ञानापर्यंत खोल नेली. बरोबर आहे. पहिलेपणाचा मान रुद्रचाच. पण रुद्र विचार मांडतो, ‘दशावतार’ गोष्ट सांगतो, आणि गोष्ट सांगणं हे रॉक अल्बमचं कमी दर्जाचं काम नाही.

‘इंग्रजीत गायलेल्या दशावताराशी मराठी माणसाचा काय संबंध’ असं विचारणाऱ्यांना सिंधुदुर्गाकडे पाहायला सांगावंसं वाटतं. तिथल्या जत्रांमध्ये रात्रभर चालणारा दशावतार दहाही अवतार कधीच दाखवत नाही. आधी गणपती, सरस्वती, मग वेद पळवणारा संकासुर, त्याचा वध, आणि त्यानंतर त्या रात्रीचं आख्यान. पेटी, मृदंग, झांज, तलवारबाजी, रंगवलेले चेहरे आणि पल्लेदार आवाजात झडणारे संवाद. संकासुर हा खलनायक आणि प्रेक्षकांचा सर्वांत लाडका. राक्षसाला मोठ्या आवाजात, भडक वेशात, प्रेमानं रंगमंचावर नाचवण्याची रीत आपल्याकडे मेटलच्या कितीतरी आधीपासून आहे. मालवणी माणसांबरोबर हे प्रयोग मुंबईतही आले, भांडुप-मुलुंडच्या बाजूला या कलेचा प्रेक्षक आजही आहे. माखिजानं कोकणातला दशावतार डोळ्यांपुढे ठेवला होता असा दावा मी करत नाही. मुद्दा एवढाच, की या अल्बमला इथल्या मातीत आधार सापडतो. ‘रिटर्न’च्या अंधारभूमीला तसा आधार सापडत नाही.

खरा कठीण आक्षेप अजून यायचाच आहे, आणि तो मेटलवाल्यांकडून येत नाही. तो महाराष्ट्राच्या विचारपरंपरेतून येतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली तेव्हा त्यांनी हीच यादी हातात घेतली होती. मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन, परशुराम असा एकेक अवतार घेऊन, धोंडिबा या पात्राशी संवाद करत, त्यांनी या कथांमागे बाहेरून आलेल्या आक्रमकांचा आणि इथल्या हरलेल्या लोकांचा इतिहास वाचला. परशुरामाला तर हजर होण्याची मुदत देणारं पत्रच लिहिलं. त्यांच्या वाचनात बळी हा नायक, वामन हा कपटी. आपल्याकडे दिवाळीच्या पाडव्याला बळीचं राज्य येवो म्हणतात, वामनाचं नाही. दुसरी बाब नवव्या गाण्याची. अल्बममध्ये नवव्या जागी बुद्ध आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एक नेमकी हीच आहे, की बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असं मी मानणार नाही. लाखो माणसांसाठी हा प्रश्न संगीताच्या चवीचा नाही, आत्मसन्मानाचा आहे. महाराष्ट्रातल्याच काही जुन्या चित्रांत नवव्या जागी विठ्ठल असतो, म्हणजे ही जागा आपल्याकडे कधीच निर्विवाद नव्हती. अल्बम यातल्या कशाचीच दखल घेत नाही. पौराणिक क्रम जसा मिळाला तसा तो उचलतो.

हा दोष खरा आहे आणि मोठा आहे. अल्बम आवडतो म्हणून मी तो झाकणार नाही. तरीही माझा कौल बदलत नाही, उलट याच जागी तो पक्का होतो. कलाकृतीचं मोठेपण ठरवताना तिच्याविरुद्ध काय बोलता येतं हेही पाहावं लागतं. ‘रिटर्न टू डार्कनेस’विरुद्ध फुल्यांना साक्षीला बोलावता येत नाही. आंबेडकरांनाही नाही. संकासुर नाचवणाऱ्या कोकणी नटाचं त्याच्याशी ना भांडण, ना मैत्री. तो अल्बम या प्रदेशातल्या कुठल्याच माणसाला स्पर्श करत नाही, म्हणून कुणाला दुखवतही नाही. ‘दशावतार’ मात्र आपल्या दीडशे वर्षांच्या वादात येऊन उभा राहतो, अपुऱ्या तयारीनं का होईना. इंग्रजीत गाणाऱ्या, लंडनमध्ये पुरस्कार मिळवलेल्या मुंबईच्या बँडच्या अल्बमवर बोलताना ‘गुलामगिरी’ उघडावी लागते, हे या लेबलच्या वाटचालीत दुसऱ्या कुठल्याही अल्बमनं घडवलेलं नाही.

कुणी म्हणेल, मग तुम्ही संगीत सोडून विषयाला गुण देता. तसं असतं तर एखादं बेसूर पण मुद्द्याचं गाणंही मला चाललं असतं, आणि ते चालत नाही. नरसिंहाचा दाखला मी आधी दिला तो यासाठीच. विषयानं संगीताकडून जास्त काम करून घेतलं, आणि संगीतानं विषयाला ठराविक कीर्तनाच्या बाहेर काढलं, हे दोन्ही एकदम घडलं म्हणून हा अल्बम वर राहतो. आणि जिथे विषयाचा विचार थांबला तिथे संगीतालाही वाट संपल्यासारखी झाली. बुद्धाच्या गाण्यात बाकी नऊ गाण्यांच्या चौकटीतच राहण्याची जी सक्ती आहे ती मला खटकते, आणि तिचं कारण नववा अवतार ही कल्पनाच आहे.

फुल्यांनी वाचला तसा बळी मेटलमध्ये अजून कुणी गायलेला मी ऐकलेला नाही. पाताळात ढकलल्या गेलेल्या, तरीही दर वर्षी ज्याच्या परतण्याची वाट पाहिली जाते अशा राजासाठी तो गुरगुरता आवाज नरसिंहाइतकाच योग्य आहे. मराठीत, मुंबईच्या उपनगरातून, एखाद्या बँडनं तो गायला घेतला तर त्याला आधी ‘दशावतार’मधल्या पाचव्या गाण्याला उत्तर द्यावं लागेल. ‘द रिटर्न टू डार्कनेस’मधल्या एकाही गाण्याला उत्तर द्यायची गरज त्याला पडणार नाही.