यंत्राचे खत आणि आपले पाचट



पुण्या-मुंबईच्या फ्लॅटात ठेवतात ते खत करण्याचे विजेचे यंत्र आता गावाकडच्या घरांतही येऊ लागले आहे. रात्री देठ-साली टाकाव्यात, सकाळी कोरडा भुगा काढावा. सोय आहे, आम्ही नाही म्हणत नाही. पण यातली बरीचशी यंत्रे कचरा नुसता तापवून सुकवतात नि दळतात. तो भुगा कुजलेला नसतो. तसाच रोपाच्या बुडाशी टाकला नि पाणी लागले, की तेथेच बुरशी धरतो, तापतो. मातीत मिसळून, ओल राखून महिनाभर तरी मुरवावा. आमटीचे पाणी निथळून घ्यावे. हाडे, करवंटी घालू नये, पाते अडकते. वास शोषणारा कोळसा वेळेवर बदलावा. हे करायचे नाही आणि घरभर घाण सुटली की दोष यंत्राला!

शहरात उकिरड्याला जागा नाही, तेथे ते शोभते. आपल्याकडे परडे आहे, शेण आहे. तोडणीनंतर एकरी तीन-चार टन पाचट पडते. ते काडी लावून पेटवायचे आणि वाटीभर सालींसाठी वीज जाळायची, हा हिशेब आम्हांस पटत नाही. यंत्र खुशाल घ्या. पण पाचट सरीत राहू द्या, त्यावर टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट नि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाका आणि पाणी द्या.