काचेआडची उर्वशी

भायखळ्याच्या राणीच्या बागेत फेब्रुवारीत गेलात, तर पेंग्विन बघायला लागलेली रांग टाळता येत नाही. २०१६ साली दक्षिण कोरियातून आणलेले हम्बोल्ट पेंग्विन जाड काचेमागे, यंत्राने गार राखलेल्या हवेत वावरत असतात. बाहेर मुंबईची दुपार आणि आत महाबळेश्वरच्या थंडीचा गारवा. काचेला नाक लावलेल्या पोरांना त्याचेच अप्रूप, आणि ते साहजिक आहे.

याच बागेत एक झाड आहे, त्याच्यापुढे रांग नसते. उर्वशी तिचे नाव. लांब देठांवरून शेंदरी-गुलाबी फुलांचे घोस खाली लोंबतात, झुंबर टांगावे तसे. पाकळीच्या टोकाला हळदीचे बोट लावल्यासारखा पिवळा ठिपका असतो. कोवळी पाने तर आणखी विचित्र: तांबूस, लुळी, पिळून वाळत घातलेल्या रुमालासारखी. नवख्याला वाटते, पाणी कमी पडले बिचाऱ्या झाडाला. पाणी कमी पडलेले नसते. त्या पानांची रीतच तशी. चार दिवसांनी ती ताठ होतात, हिरवी होतात. या झाडाभोवती ना काच आहे, ना यंत्र. मुंबईच्या दमट हवेत ते उघड्यावर उभे आहे आणि फुलते आहे.

ज्या झाडाकडे आपण पाठ फिरवून पेंग्विन बघतो, त्याच्या एका रोपासाठी एकेकाळी इंग्लंडातून माणूस कलकत्त्याला धाडला गेला होता.

उर्वशी मूळची ब्रह्मदेशातली. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नथॅनिएल वॉलिक यांना ती १८२७ साली मार्ताबानजवळ, साल्वीन नदीच्या परिसरात, एका पडक्या मठाच्या बागेत दिसली. तिथल्या गुहांत बुद्धाच्या मूर्तींपुढे या फुलांच्या ओंजळी वाहिलेल्या असत. वॉलिकनी तिला गव्हर्नर जनरलच्या पत्नीचे, लेडी ॲमहर्स्ट यांचे नाव दिले. तिची चित्रे आणि वर्णने विलायतेत पोचली, आणि डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थच्या सहाव्या ड्यूक ऑफ डेव्हनशायरला, म्हणजे विल्यम कॅव्हेंडिश यांना, या झाडाचा ध्यास लागला. (हे आडनाव आपल्याला अगदीच परके नाही. चॅट्सवर्थच्या काचघरात वाढवलेल्या ठेंगण्या केळीला १८३६ साली त्यांचे नाव मिळाले. खानदेशात वर्षानुवर्षे लावलेली बसराई केळी शास्त्राच्या हिशेबात त्याच वाणाची. रावेर-यावलच्या मळ्यांत ड्यूकसाहेब घड धरून उभे आहेत, आणि त्यांची कुणी दखलही घेत नाही.)

१८३५ साली ड्यूकनी जॉन गिब्सन नावाच्या विशीतल्या माळ्याला नवे गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड यांच्याच जहाजातून हिंदुस्थानात पाठवले. तो खासी टेकड्या हिंडला, ऑर्किडांचे ढीग गोळा केले आणि १८३७ साली उर्वशीचे रोप जिवंत घेऊन परतला. ते जिवंत पोचले यात त्याच्या कष्टांइतकाच हात एका पेटीचा होता.

लंडनच्या ईस्ट एंडमधले डॉक्टर नथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड यांनी १८२९ साली झाकणबंद बाटलीत, ओल्या मातीत, पतंगाचा एक कोष ठेवला होता. पतंगाचे काय झाले ते बाजूला राहिले. मातीतून नेच्याचा कोंब वर आला. बाहेरच्या धुरकट हवेत ज्या नेच्यांनी डॉक्टरांच्या अंगणात माना टाकल्या होत्या, तोच नेचा बाटलीत मजेत. दिवसा मातीतली ओल वाफ होऊन काचेला लागते, रात्री थेंब होऊन परत मातीत उतरते. एवढे साधे गणित. त्याआधी जहाजावरून नेलेली रोपे बहुतेक वाटेतच मरत, कारण डेकवर खारे तुषार उडत आणि गोडे पाणी खलाशांनाच पुरत नसे. १८३३ साली वॉर्डच्या पेट्या सिडनीला जाऊन पोचल्या, आतली रोपे धडधाकट. पुढच्या काळात अशाच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधला चहा हिमालयाच्या पायथ्याशी आणला आणि दक्षिण अमेरिकेतला सिंकोना निलगिरीत रुजला. दिवाणखान्यातल्या नेच्याच्या हौसेतून निघालेल्या या पेटीने साम्राज्याचे मळे हलवले. बागकामाच्या इतिहासात हौस आणि व्यापार यांच्यामध्ये कुंपण घालायला गेले की ते कुठे घालावे तेच कळत नाही.

चॅट्सवर्थमध्ये उर्वशीची वाट बघत होता जोसेफ पॅक्स्टन. शेतमजुराच्या घरातला मुलगा, १८२६ साली तेविसाव्या वर्षी मुख्य माळी झालेला. १८३६ मध्ये त्याने तिथे जे काचघर बांधायला घेतले, त्याला लोक ‘ग्रेट स्टोव्ह’ म्हणत. मोठी शेगडीच म्हणा ना. लांबी २७७ फूट, रुंदी १२३ फूट, उंची ६७ फूट. १८४३ साली व्हिक्टोरिया राणी आली तेव्हा आत १२ हजार दिवे लावले होते आणि तिची बग्गी ताडामाडांमधून थेट आतून फिरली. दिव्यांचे वर्णन सगळे करतात. मला त्या इमारतीचा खालचा भाग जास्त बोलका वाटतो. जमिनीखाली आठ बॉयलर, त्यांतून निघालेले सात मैलांचे गरम पाण्याचे नळ, आणि बॉयलरांना कोळसा पुरवायला भुयारातून नेलेला छोटा लोहमार्ग. धुराडे मुद्दाम लांब टेकडीवर नेले होते. वर फिरणाऱ्या पाहुण्याला कोळसा दिसू नये, धूर दिसू नये, कोळसा टाकणारा तर नाहीच नाही. त्याने फक्त केळीचे पान बघावे आणि म्हणावे, वा.

गंमत अशी की एवढे करूनही उर्वशी ड्यूकपुढे फुलली नाही. १८४९ साली ती विलायतेत पहिल्यांदा फुलली ती लंडनजवळ ईलिंग पार्कमध्ये, मिसेस लॉरेन्स नावाच्या बागवेड्या बाईंच्या काचघरात. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पॅक्स्टनने हरलेली बाजी दुसरीकडे भरून काढली: ॲमेझॉनचे अवाढव्य कमळ त्याने इंग्लंडात सर्वांत आधी फुलवले. त्याच्या परातीएवढ्या, नाही, खाटेएवढ्या पानावर त्याने आपल्या छोट्या मुलीला उभे केले आणि पान बुडाले नाही. त्या पानाच्या पाठीवरच्या शिरा बघून आपल्याला लोखंड-काचेची रचना सुचली, असे तो पुढे सांगत असे. १८५१ चा क्रिस्टल पॅलेस त्या अनुभवातून उभा राहिला. तोवर काच स्वस्तही झाली होती. जवळपास शंभर वर्षे काचेवर असलेला कर १८४५ साली उठला आणि सरदारांची हौस डॉक्टर-वकिलांच्या परसात शिरली.

इंग्रज माळ्यांच्या बोलीत गोठणाऱ्या रात्रीला जे झाड टिकत नाही ते ‘नाजूक’. या व्याख्येने आपला वड नाजूक, पिंपळ नाजूक, हायवेच्या दुभाजकावर धूर खात फुलणारी बोगनवेल तर अतिनाजूक. तिला तिकडे काचेच्या खोलीत भिंतीला बांधून, हिवाळाभर पाणी तोडून जपतात. नाजूकपणा झाडात नसतो. झाड आणि गाव यांच्या जुळण्या-न-जुळण्यात असतो. आणि न जुळणारे जुळवून घ्यायचे, तर मधली किंमत कुणीतरी रोज मोजावी लागते. रोज, हे महत्त्वाचे. रोमचा बादशहा तिबेरियस याला बारमाही काकडी हवी म्हणून त्याचे माळी चाकांवरचे वाफे उन्हात ढकलत आणि थंडीत अभ्रकासारख्या पारदर्शक पत्र्यांखाली झाकत. व्हर्सायला चौदाव्या लुईच्या संत्र्यांसाठी १६८६ पर्यंत जाड भिंतींची प्रचंड ओवरी बांधून झाली. तिथे पेट्यांतली झाडे ऑक्टोबरात आत आणि मेमध्ये बाहेर, असा हजारभर झाडांचा पालखी सोहळा आजही चालतो. एक सुट्टी घेतली तर चालत नाही.

ग्रेट स्टोव्हचा शेवट याच ठिकाणी आहे. पहिले महायुद्ध आले, माळी सैन्यात गेले, कोळसा काचघरासाठी मिळेना. कुणी झाडे तोडली नाहीत, कुणी काच फोडली नाही. फक्त खाली आग पेटली नाही, आणि ऐंशी वर्षांत जमवलेले जंगल गारठून मेले. १९२० साली इमारत सुरुंग लावून पाडली, आणि तीही एका फटक्यात पडली नाही. आज त्या चौथऱ्यावर यू झाडांच्या कुंपणांची भुलभुलैया आहे. यूला थंडीचे काही वाटत नाही.

आता आपल्याकडे. बंगळूरच्या लालबागेत १८८९ साली काचघराची पायाभरणी झाली, तेव्हा नमुना क्रिस्टल पॅलेसचाच होता. पण त्याच्या बाजू मोकळ्या राहिल्या. आपल्याला ऊब कोंडायची नव्हतीच. वरून पाऊस अडला आणि ऊन थोडे मवाळ झाले की पुरे. विलायती कल्पना इथल्या हवेने एका पिढीत उलटी करून टाकली, ही मला त्या इमारतीतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

मावळातली पॉलिहाऊस ही त्याच उलट्या वंशातली. तळेगावच्या आसपास, पवनेच्या खोऱ्यात डोंगरावरून खाली बघितले की भातखाचरांच्या मध्ये दुधी रंगाच्या कमानी दिसतात. काचेऐवजी दोनशे मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, लोखंडी नळ्या, बाजूंना गुंडाळता येणारे पडदे. आत लाल माती आणि भाताच्या तुसाचे उंच बेड, त्यांवर डच गुलाब किंवा जरबेरा. जरबेरा मूळचा दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बर्टनच्या उघड्या माळावरचा. तोच मावळात आला आणि नाजूक झाला, कारण इथला पाऊस गड्ड्यात साचला की तो कुजतो. चॅट्सवर्थचा माळी रात्री उठून शेगडी बघे. इथला शेतकरी मार्चच्या दुपारी पडदे वर करतो, शेडनेट ओढतो आणि फॉगर सुरू आहे ना ते बघतो. वीज गेली की तेच होते जे तिकडे कोळसा संपल्यावर होई, फक्त गारठ्याऐवजी भाजून.

पहाटे तोडणी. कळी एका ठरावीक अवस्थेत उमलायला आलेली हवी. चार तास उशीर झाला की तीच कळी ‘फुटलेली’ म्हणून बाजूला. मग दांडीच्या लांबीप्रमाणे प्रतवारी, वीस-वीसच्या जुड्या, शीतगृह. व्हॅलेंटाइन डेचा माल परदेशी जावा म्हणून छाटणीची तारीख दोन महिने आधी मागे मोजून ठरवतात.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली. लग्ने नाहीत, मंदिरे बंद, विमाने बंद. पण झाडाला टाळेबंदी कळत नाही. फुले येतच होती. ती तोडून उकिरड्यावर टाकावी लागत होती, कारण न तोडावीत तर झाड बिघडते. म्हणजे विकायला नव्हे, फेकायला मजुरी. त्यातून सावरतात तोच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावरून घाट चढून आले आणि मावळात कितीतरी पॉलिहाऊसांचे कागद फाटून नळ्या वाकल्या. आणि आता मंडपांत, हॉटेलांत प्लास्टिकची फुले. त्यांवर बंदी घाला ही उत्पादकांची मागणी मला रास्त वाटते, आणि प्लास्टिकच्या छताखाली पिकलेल्या फुलाने ती करावी यातली विसंगतीही दिसते.

आमच्या योजनांची खोड पॅक्स्टनच्या पाहुण्यांसारखी आहे: काच तेवढी दिसते, भुयार दिसत नाही. फलोत्पादन अभियानातून पॉलिहाऊसच्या उभारणीला अनुदान मिळते, आणि ते मिळायलाच हवे. उद्‌घाटनाला फीत असते, फोटो असतो. पण कागद तीन-चार वर्षांत उन्हाने जीर्ण होतो, फॉगरला अखंड वीज लागते, रोपे परदेशी कंपनीकडून रॉयल्टी मोजून घ्यावी लागतात, आणि बँकेचा हप्ता फुलाला भाव आहे की नाही हे विचारत नाही. ड्यूकचा आसरा मोडला तेव्हा ड्यूक होते तिथेच राहिले. वीस गुंठ्यांचा आसरा मोडतो तेव्हा खाली ज्याची जमीन असते तो मोडतो. आडोसा द्यायचा ठरवला तर तो चालता ठेवण्याचा खर्च, विमा आणि वाईट वर्षाची तरतूद पहिल्याच कागदावर लिहायला हवी. ती नसेल तर त्या जागी गावठी गुलाब, निशिगंध, शेवंती लावायचा सल्ला प्रामाणिकपणे द्यायला हवा. आमच्या कृषी खात्याला दुसरा सल्ला द्यायला जड जाते, कारण त्याला फीत लागत नाही.

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. तिच्याकडे एक तुळस, एक कढीपत्ता आणि एक मोगरा आहे, तिन्ही कुंड्यांत. कोजागिरी झाली की कुंड्या आत, अक्षय्य तृतीयेनंतर बाहेर. व्हर्सायच्या वेळापत्रकाशी हे जवळजवळ तंतोतंत जुळते, हे तिला सांगितले तर ती हसली. आत म्हणजे दक्षिणेकडच्या खिडकीत. हीटरमुळे हवा कोरडी होते म्हणून कुंडीखाली गोट्यांची थाळी, त्यात पाणी. जानेवारीत मोगरा पाने टाकतो, ती दर वर्षी घाबरते आणि दर वर्षी मला फोटो पाठवते. गेल्या हिवाळ्यात चार दिवस बाहेरगावी जायचे होते तर शेजारच्या तेलुगू वहिनींना किल्ली देऊन गेली, फक्त मोगऱ्यासाठी.

“ताई, सात कळ्या आल्यात,” ती मार्चमध्ये फोनवर म्हणाली. बाहेर अजून बर्फ होता. गॅसचे बिल किती आले, ते मी विचारले. तिने विषय बदलला.