विमान दुरुस्तीचा परवाना: क्रॅश कोर्स नेमका कोणासाठी?

२०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची खरेदी जाहीर केली. त्याच वर्षी इंडिगोने एअरबसकडे ५०० विमानांची मागणी नोंदवली. विमाने वाढली की ती तपासणारे, दुरुस्त करणारे आणि ‘उड्डाणास योग्य’ म्हणून सही करणारे लोकही वाढावे लागतात. ही सही करण्यासाठी एएमई, म्हणजेच एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरचा परवाना लागतो. बारावी सायन्स झालेल्या आपल्या मुलामुलींच्या मोबाईलवर आता या परवान्याच्या ‘फास्ट ट्रॅक’ जाहिराती येऊ लागल्या आहेत. वस्तीत काम करताना पालक आम्हाला विचारतात, कर्ज काढून फी भरावी का? त्यांना आणि आपल्या तरुणांना काही गोष्टी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे.

झटपट कोर्स आला कुठून?

ही कल्पना रुजली ती अमेरिकेत. तिथल्या विमान मेकॅनिकच्या परवान्याला ‘ए अँड पी’ म्हणतात. एक भाग विमानाच्या सांगाड्याचा, दुसरा इंजिनाचा. मान्यताप्राप्त शाळेतून न आलेल्या उमेदवाराला परीक्षेआधी प्रत्यक्ष कामाचा अनुभव सिद्ध करावा लागतो: एका भागासाठी १८ महिने, दोन्हींसाठी ३० महिने. त्यानंतर तीन लेखी परीक्षा. सामान्य पेपरात ६० प्रश्न, उरलेल्या दोन पेपरांत प्रत्येकी १००, आणि उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के. पुढे तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा असते.

काही आठवड्यांचा झटपट कोर्स तिथे बसतो तो या टप्प्यावर. सैन्यदलात वर्षानुवर्षे विमानांवर काम केलेल्या माणसाला काम येतच असते. त्याला हवी असते ती उजळणी आणि परीक्षेचा सराव. अशा माणसासाठी हा कोर्स सोयीचा आहे. पण त्याच्या हाती आधीपासून असलेला अनुभव जाहिरातीत दिसत नाही.

आपल्याकडचा नियम

भारतात हा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए देते. मोठ्या जेट विमानांच्या यांत्रिक कामासाठी ‘बी१.१’ हा प्रवर्ग आहे. त्यासाठी ‘कार-१४७’ खाली मान्यता असलेल्या संस्थेतील किमान २४०० तासांचे प्रशिक्षण आणि चालू विमानांवरचा दोन वर्षांचा अनुभव लागतो. कोणतेही संबंधित तांत्रिक प्रशिक्षण नसेल तर अनुभवच पाच वर्षांचा लागतो. परीक्षा मॉड्यूलनिहाय होते. विद्युत, साहित्य, देखभाल पद्धती, मानवी घटक, हवाई कायदे, गॅस टर्बाइन इंजिन असे विषय असतात. प्रश्न बहुपर्यायी, पेपर इंग्रजीत, आणि प्रत्येक मॉड्यूलला ७५ टक्के गुण हवेत.

क्रॅश कोर्स ही मॉड्यूल सोडवायला मदत करू शकतो. पण सगळी मॉड्यूल पास झाली तरी अनुभवाची नोंद नसेल तर परवाना मिळत नाही. परवाना मिळाल्यावरही ए३२० सारख्या विमानावर सही करायची तर त्या प्रकारच्या विमानाचे टाइप रेटिंग वेगळे घ्यावे लागते. त्याचा वेळ आणि खर्चही वेगळा.

परीक्षा आडनाव विचारत नाही, हँगर विचारतो

बहुपर्यायी पेपर तपासताना उमेदवार कोणत्या वस्तीतून आला हे दिसत नाही. इथे आपली मुले मेहनतीने मागे पडणार नाहीत. खरी गाळणी लागते ती हँगरच्या दारात. दोन वर्षे विमानाजवळ उभे राहून काम शिकायचे तर कोणीतरी आत घ्यावे लागते. तिथे ओळख लागते, शिफारस लागते, आणि कमी पगारात किंवा बिनपगारी काढायच्या काळात घरून पैसा लागतो. ज्यांच्या नात्यागोत्यात कोणी विमान कंपनीत नाही, त्यांच्याजवळ यातले काहीच नसते. म्हणून आपल्या घरांत अनेकदा निकालपत्रे येतात, कर्जाचे हप्तेही येतात, पण परवाना येत नाही. बाजार आपल्याला परीक्षेची तयारी विकतो आणि अनुभवाबद्दल गप्प राहतो.

दीक्षाभूमीच्या शहरात

ज्या नागपुरात १९५६ साली बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्याच नागपुरात मिहानमध्ये आज मोठ्या प्रवासी विमानांची देखभाल होते. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे आणि तिथे आयटीआय झालेल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घेतले जाते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवण्याची तरतूद आहे. नोकरीतील आरक्षणावर आपण मोर्चे काढतो, पण या तरतुदीबद्दल आपल्या संघटनांत क्वचितच बोलले जाते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि कामगारांचे तांत्रिक प्रशिक्षण त्याच खात्याकडे होते. कारखान्यात शिकण्याची जागा हा हक्काचा प्रश्न आहे, ही आपलीच परंपरा आहे.

फी भरण्यापूर्वी

- संस्थेचे नाव डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत आणि नेमक्या त्याच प्रवर्गासाठी आहे का, ते स्वतः पाहा. जाहिरातीतील शिक्क्यावर विसंबू नका.
- अनुभव कुठे, किती महिने आणि कोणत्या विमानांवर मिळेल, हे लेखी घ्या. ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ म्हणजे अनुभवाची हमी नव्हे.
- अभ्यासक्रम आणि संस्था महाडीबीटीवर शिष्यवृत्तीसाठी आहेत का, हे प्रवेशाआधी तपासा.
- मागील तुकडीतील किमान दोन विद्यार्थ्यांशी बोला. किती मॉड्यूल पास झाली एवढेच नको, परवाना हातात आला का, ते विचारा.

विहारांत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका चालतात. तिथेच एका कोपऱ्यात मॉड्यूलची पुस्तके आणि तांत्रिक इंग्रजीचा वर्ग सुरू करता येईल. त्यासाठी महागडा क्रॅश कोर्स लागत नाही. संघटनांनी मात्र दुसरे काम हाती घ्यावे. नागपूर आणि नाशिक परिसरात विमान क्षेत्रातील शिकाऊ उमेदवारांच्या किती जागा होत्या, त्यांपैकी राखीव किती आणि प्रत्यक्ष भरल्या किती, ही माहिती शासकीय कार्यालयांकडून माहिती अधिकारात मागवावी. ७५ टक्के गुण आपली मुले मिळवतील. हँगरचे दार उघडायला लावणे हे चळवळीचे काम आहे.