माफी वदवून घेतली म्हणजे भांडण मिटलं का?

वर्गात दोन पोरं भांडली की आपण शिक्षक काय करतो? दोघांना उभं करतो, "सुरुवात कोणी केली?" विचारतो, एकाला झापतो, "सॉरी म्हण, हात मिळव" म्हणतो आणि फळ्याकडे वळतो. झाला न्याय! वही फाटली ती फाटलीच. ज्याच्या आईवरून शिवी दिली गेली, त्याला कोणी काही विचारत नाही.

शाळा सुटली की तेच भांडण गेटबाहेर पडतं. आमच्या आखाडा बाळापूरसारख्या गावात मग भाऊ येतो, चुलता येतो. पोरांची नावं दोन धर्मांची असली, तर पेनावरून झालेलं भांडण संध्याकाळपर्यंत दोन मोहल्ल्यांचं व्हायला कितीसा वेळ लागतो?

"छडी गेली आणि शिस्त गेली," असं स्टाफरूममध्ये रोज ऐकू येतं. छडी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंद केली. कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढताही येत नाही. तरीही "दाखला हातात देईन" ही धमकी सुरूच आहे. पण छडी होती तेव्हा तरी भांडणं मिटत होती का? ती फक्त दबत होती.

दुसरा रस्ता आहे. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने गुन्हा केलेलं मूल, त्याचं कुटुंब आणि ज्याचं नुकसान झालं तो, यांना एकत्र बसवायला सुरुवात केली. एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्याकडे १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आहे. बांधाच्या भांडणाला समिती मिळाली, बाकावरच्या भांडणाला मात्र कोणीच नाही.

अर्थात समेटाच्या नावाखाली दुबळ्याचं तोंड दाबलं जातं, हेही आपण गावोगाव पाहतो. म्हणून आधी बोलायचं ते ज्याला लागलं त्याने: काय झालं, कुठे दुखलं, काय हवं. मग दुसऱ्याने सांगायचं, मी भरपाई कशी करणार. माफ करायचं नसेल तर तोही त्याचा हक्क. आणि लैंगिक छळाची गोष्ट असेल तर बैठक अजिबात नको. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने तिथे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

"अभ्यासक्रम मागे पडतो" म्हणणाऱ्यांनी एकच भांडण वर्षात किती वेळा सोडवलं ते मोजावं.

मी उर्दूच्या तासाला 'सुलह' शिकवतो, मराठीच्या तासाला 'समेट'. दोन्हीसाठी दोन बाजूंची मर्जी लागते. सरांनी लादला तो हुकूम.

शालेय व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. त्यांनी पुढच्या बैठकीत रंगरंगोटीबरोबर हाही विषय घ्यावा आणि आठवड्यातला एक तास यासाठी मागून घ्यावा. त्याला पैसा लागत नाही. लागतं ते एवढंच, की मोठ्यांनी थोडा वेळ गप्प बसून मुलांचं ऐकायचं.