गृहकर्जाचा व्याजदर ही बँकेची मेहेरबानी नव्हे!

दरवर्षी १ एप्रिलला आपल्या सगळ्या ग्रुपवर एक पोस्ट फिरते. रिझर्व्ह बँकेचा स्थापना दिवस, बाबासाहेबांचा फोटो आणि 'रुपयाचा प्रश्न' या ग्रंथाचा उल्लेख. पोस्ट फिरवायला आमची हरकत नाही. तो ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, पुढे हिल्टन यंग आयोगापुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली, हा इतिहास आपल्या पोरांना माहीत असलाच पाहिजे. पण ही पोस्ट पुढे पाठवणाऱ्यांपैकी ज्यांच्या डोक्यावर गृहकर्ज आहे, त्यातल्या किती जणांना स्वतःचा आजचा व्याजदर सांगता येईल?

आम्ही हा प्रश्न विहारात विचारला. रविवारी वंदना झाल्यावर कर्जाचे कागद घेऊन बसा, असं सांगितलं. जमलेल्यांत महापालिकेचे सफाई कामगार होते, एसटीचे वाहक होते, झेडपीचे गुरुजी होते, एक नर्सताई होत्या. हप्ता सगळ्यांना तोंडपाठ, कापला जाण्याची तारीखही तोंडपाठ. व्याजदर मात्र एकालाही नक्की सांगता आला नाही. कागद चाळले तेव्हा नर्सताईंचा दर निघाला साडेनऊ टक्के. त्यांच्याच कंपनीच्या ऑफिसबाहेर नव्या ग्राहकांसाठी साडेआठ टक्क्यांचा फलक. ताई म्हणाल्या, "सहा वर्षांत मी एक हप्ता चुकवला नाही, तरी मलाच जास्त?"

हो ताई, तुम्हालाच जास्त. कारण तुम्ही विचारलं नाही.

एक टक्का म्हणजे किती, तेही पाहू. वीस लाख रुपये बाकी आहेत आणि वीस वर्षं शिल्लक आहेत असं समजा. साडेनऊ टक्क्यांनी हप्ता येतो सुमारे १८,६४० रुपये. साडेआठने येतो सुमारे १७,३५५. दरमहा जवळपास १,२८५ रुपयांचा फरक, वीस वर्षांत तीन लाखांहून जास्त. आणि दर कमी करून हप्ता तोच चालू ठेवला, तर २४० ऐवजी सुमारे २०२ हप्त्यांत कर्ज फिटतं. म्हणजे ३८ हप्ते वाचले, सात लाखांच्या आसपास! हा पैसा तुमच्या घामाचा आहे आणि तो तुमच्या गप्प बसण्यामुळे जातो आहे.

आता ही चलाखी कशी चालते ते समजून घ्या. आपली बहुतेक गृहकर्जं फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची असतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. तेव्हा कर्जाचे दर वाढवायला कुणी तुमच्या अर्जाची वाट पाहिली का? अनेकांचा हप्ता तेवढाच राहिला, म्हणून ते खूश होते. प्रत्यक्षात मुदत वाढली होती. पंधरा वर्षांचं कर्ज वीस वर्षांवर गेलं आणि घरात कुणाला पत्ताही नाही! मग २०२५ मध्ये रेपो दर ६.५ वरून टप्प्याटप्प्याने ५.२५ वर आला. आता मात्र "अर्ज करा, कन्व्हर्जन फी भरा, साहेब रजेवर आहेत". वाढ आपोआप आणि घट अर्ज केल्यावर, हा कुठला न्याय?

१ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी फ्लोटिंग गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या मापदंडाला जोडावी लागतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर बदलावा लागतो. पण त्याआधीची कर्जं जुन्याच पद्धतीवर अडकलेली असू शकतात. गृहवित्त कंपन्यांना तर ही सक्तीच नाही. त्यांचा मापदंड त्याच ठरवतात. आणि आपली माणसं कुठे सापडतात? याच कंपन्यांकडे! गुंठेवारीतली जागा, गावठाणातलं घर, बापाच्या नावावर सातबारा नाही, कंत्राटी नोकरी. बँका सहसा दारात उभं करत नाहीत. मग जो कर्ज देईल तो देव वाटतो आणि तो सांगेल तो दर प्रसाद.

कुणी म्हणेल, व्याजदर ठरवताना जात कुठे विचारतात? विचारत नाहीत, खरं आहे. पण ज्याचा मामा बँकेत मॅनेजर आणि मेव्हणा सीए, त्याला घरबसल्या फोन येतो, "अरे, दर उतरलेत, अर्ज टाक." आपल्या पहिल्या पिढीच्या घरमालकाला तो फोन कुणी करायचा? ज्ञानाची मक्तेदारी पोथीपुरती नव्हती आणि आजही नाही. ती कर्जाच्या करारातल्या बारीक अक्षरांतही आहे. घर मिळालं याच्याच कृतज्ञतेत आपण वाकून उभे राहतो. अरे, तारण तुमचं, हप्ता तुमचा, मग उपकार कसले?

चळवळीतलेच काही मित्र म्हणतील, भूमिहीनांचे प्रश्न पेटलेले असताना हे काय मध्यमवर्गीय रडगाणं? मित्रांनो, विहाराची वर्गणी कोण देतं? पुतण्याची एमपीएससीची फी, गावाकडच्या आईचं औषध, मोर्चाच्या गाडीचं डिझेल कुणाच्या पगारातून निघतं? याच सफाई कामगाराच्या आणि याच नर्सताईच्या. त्यांचे सात लाख वाचले तर ते समाजातच फिरतील.

तर करायचं काय? आधी कर्जाचं तिमाही विवरणपत्र मागा. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर त्यात दाखवावाच लागतो. व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याचा अधिकारही त्याच परिपत्रकाने तुम्हाला दिला आहे. मग क्रेडिट रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. त्यात चूक असेल तर दुरुस्त करून घ्या. नंतर दुसऱ्या दोन ठिकाणांहून दर लेखी आणा आणि तो कागद जोडून आपल्या शाखेत अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका. बँक म्हणाली, "स्प्रेड तीन वर्षं बदलता येत नाही," तर सांगा, १ ऑक्टोबर २०२५ पासून तो त्याआधीही कमी करण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली आहे.

तरी ऐकलं नाही, तर कर्ज दुसरीकडे न्या. घरासाठी घेतलेल्या फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही. मात्र नव्या ठिकाणची प्रक्रिया फी, मूल्यांकन, वकील, मुद्रांक आणि नोंदणी यांचा खर्च आधी मांडा. बाकी कमी आणि वर्षं थोडी उरली असतील, तर हा उपद्व्याप परवडेलच असं नाही. मुदत पुन्हा वीस वर्षांवर नेण्याच्या आमिषालाही भुलू नका. लेखी तक्रारीचं ३० दिवसांत समाधान झालं नाही, तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे आणि गृहवित्त कंपनीविरुद्ध राष्ट्रीय आवास बँकेकडे जा.

पण एकेकट्याने अर्ज करणं हा शेवटचा उपाय असू नये. आमची मागणी अशी आहे की, गृहवित्त कंपन्यांनाही बाहेरच्या मापदंडाची सक्ती करा, तेवढ्याच जोखमीच्या नव्या ग्राहकाला जो दर तोच जुन्याला आपोआप द्या आणि दर कमी करण्याची फी बंद करा. वाढ जशी न मागता येते, तशीच घटही न मागता आली पाहिजे.

तोवर प्रत्येक विहारात महिन्यातला एक रविवार कर्जाच्या कागदांसाठी ठेवा. बी.कॉम. झालेल्या पोरापोरींनी कॅल्क्युलेटर घेऊन बसावं. नर्सताईंचा अर्ज आम्ही त्याच दिवशी लिहिला आणि सोमवारी तिघेजण त्यांच्यासोबत ऑफिसात गेलो. साहेब आधी हसले. अर्जावर पोच मागितली तेव्हा त्यांनी खुर्ची दिली. दर अजून उतरलेला नाही. तीस दिवस आम्ही मोजतो आहोत.

जय भीम! जय संविधान!