भागीचें घोडें किवणानें कां मरतें?

भागीचें घोडें किवणानें मेलें, ही म्हण आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंस नवी नाहीं. घोडें मेलें तें दाणावैरण नव्हती म्हणून नव्हे. धनी दहा होते आणि जखम धुण्याचें काम कोणा एकाचें नव्हतें, म्हणून मेलें. आज गांवोगांवच्या पाणी वापर संस्थांचा कारभार पाहिला, म्हणजे तें घोडें अजून मरतच आहे असें वाटतें.

सन २००५ च्या कायद्यानें कालव्याचें पाणी मोजून संस्थेच्या हवालीं करावें व संस्थेनें तें सभासदांत वांटून पाणीपट्टी गोळा करावी, अशी सोय झाली. कारभारी मंडळांत चारीच्या तोंडाचे, मधले व शेपटाचे, असे तिन्ही भागांतले लोक असावेत, हेंही त्यांत आहे. नाशिक जिल्ह्यांत वाघाड धरणाखालीं शेतकऱ्यांनीं १९९० नंतर अशा संस्था उभारल्या व पुढें सबंध प्रकल्पाचें पाणी आपल्या हातीं घेतलें. तेव्हां हें काम कुणब्याच्या आवाक्याबाहेरचें आहे, असें म्हणण्यास आतां कोणासही तोंड नाहीं.

मग पुष्कळ ठिकाणीं संस्था कागदावरच कां राहते? सभेंत ठराव होतो कीं, पाळी सुटण्यापूर्वीं चारी साफ करावी. कोणीं करावी? सर्वांनीं. सर्वांनीं म्हणजे कोणींच नाहीं! पाणी सुटतें, गाळ व गवत जागच्या जागीं, आणि शेपटाच्या गरिबाचें पीक वाळतें. शेवटीं एखादा भला माणूस एकटाच गाडा ओढतो. दोन वर्षांनीं तो थकतो, अगर संस्था आपल्याच मालकीची असें त्यास वाटूं लागतें. दोहोंत नुकसान सभासदांचेंच.

ह्यावर आमचें सांगणें थोडकें आहे. कारभारी मंडळ कायद्याप्रमाणें असो. पण दर कामास तीनचार जणांची निराळी समिती नेमावी. ठरावाच्या वहींत काम, माणसाचें नांव व दिवस हीं तिन्ही लिहावीं; नांव नसेल तो ठराव लिहूंच नये. पुढल्या सभेंत नवा विषय काढण्याआधीं मागलीं नांवें मोठ्यानें वाचावीं. ज्यास जें येतें तें त्यास द्यावें: दाराची दुरुस्ती लोहारास विचारून करावी, हिशेब शिकलेल्या लेकीसुनांस सांगावा. तरुणांस नुसत्या सतरंज्या उचलण्यास बोलावलें, तर दुसऱ्या खेपेस ते येणार नाहींत. सभा पेरणीच्या ऐन दिवसांत ठेवूं नये. कचेरींत खेपा घालणाऱ्याचें एस्टीचें भाडें संस्थेनें द्यावें. नाहींतर ज्याचें पोट भरलेलें तोच सेवा करील, आणि मग कारभारही त्याचाच होईल. काम झालें कीं समिती मोडावी, व पुढच्या समितींत निदान एक नवा माणूस घ्यावा.

बंधुभगिनींनो, येत्या सभेंत वही मागून पाहा. चारी साफ करण्यापुढें कोणाचें नांव आहे? नसेल तर तेथेंच उभे राहून विचारा, आणि कोणी बोलेना तर पहिलें नांव आपलें लिहवा. जखम धुण्यास एक हात पुरतो. पण तो कोणाचा, हें आधीं ठरलें पाहिजे.